गृहस्थाचे वाहन: वेग, प्रयोजन आणि प्रमाद

वस्तू जवळ बाळगणे आणि ती रोज वापरणे यांतून कोणती नैतिक जबाबदारी उत्पन्न होते, हा प्रश्न भारतीय धर्मपरंपरांनी गृहस्थ आणि संन्यासी यांच्यासाठी वेगवेगळ्या रीतीने सोडवला आहे. जैन मुनी वाहनात बसत नाही, तो पायी विहार करतो, आणि चालतानाही पुढची चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकतो. या नियमाला ‘ईर्यासमिती’, म्हणजे गमनातील सावधपणा, असे नाव आहे. गृहस्थाला हा मार्ग उपलब्ध नसतो, कारण त्याला मुले शाळेत पोचवायची असतात, वृद्ध आईवडिलांना रुग्णालयात न्यायचे असते, उपजीविकेसाठी दूरच्या गावी जायचे असते, आणि ही सर्व कामे ज्या साधनाने होतात ते साधन हवेत काहीतरी सोडल्याशिवाय एक कोसही चालत नाही. म्हणून गृहस्थापुढचा खरा प्रश्न असा आहे, की ज्याची हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही आणि जी बहुधा डोळ्यांना दिसतही नाही, अशा साधनासोबत दिवसामागून दिवस योग्य रीतीने कसे राहावे. युरोपातील वेगवान डिझेल इस्टेट मोटार हे या प्रश्नाचे विशेष बोलके उदाहरण आहे, कारण उपयुक्तता, वेग आणि काटकसर हे तिन्ही गुण एकत्र देण्याचे आश्वासन या प्रकारच्या वाहनाइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी दिले असेल.

इस्टेट म्हणजे अशी मोटार, जिचे छप्पर मागच्या आसनांवरून सरळ शेवटच्या दारापर्यंत नेलेले असते, त्यामुळे सामानाची जागा प्रवाशांच्या कक्षालाच जोडली जाते. चेक प्रजासत्ताकातील म्लादा बोलेस्लाव येथील स्कोडा कंपनीची ऑक्टाव्हिया इस्टेट हे या वर्गाचे परिचित उदाहरण होय. तिची ‘आरएस’ ही वेगवान आवृत्ती, जी ब्रिटनमध्ये ‘व्हीआरएस’ या नावाने विकली जाते, २००६ पासून डिझेल इंजिनासह मिळू लागली. २०१३ मध्ये आलेल्या पिढीत या आवृत्तीला दोन लिटरचे, १८४ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. मागची आसने उभी असताना तिच्यात ६१० लिटर आणि ती पाडल्यावर १,७४० लिटर जागा मिळे, तर तिचा सर्वाधिक वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर होता. अधिकृत चाचणीत ती शंभर किलोमीटरला पाच लिटरहूनही कमी इंधन घेई. प्रत्यक्ष रस्त्यावर हा आकडा वाढतो, तरीही एवढ्या शक्तीच्या पेट्रोल मोटारीपेक्षा तिचा खर्च बराच कमी राहतो.

अशा वाहनाचे दैनंदिन सुख हे खरे सुख आहे, आणि त्याचे मूल्य नाकारून केलेला नैतिक विचार अपुरा ठरेल. इंजिन चाकांना जो फिरवणारा जोर देते त्याला टॉर्क म्हणतात. या मोटारीत तो ३८० न्यूटनमीटर असून इंजिन संथ फिरत असतानाच पूर्णपणे उपलब्ध होतो. त्यामुळे पाच माणसे, त्यांच्या पेट्या, बाळगाडी आणि मागे बसलेला कुत्रा एवढे ओझे घेऊन चढण चढताना किंवा द्रुतगती मार्गावरील वाहनांच्या ओघात शिरताना चालकाला इंजिनाशी झगडावे लागत नाही. एकदा टाकी भरली की शेकडो किलोमीटरचा प्रवास होऊ शकतो. घरात दोन वाहने ठेवण्याऐवजी, म्हणजे एक ओझ्यासाठी आणि एक आनंदासाठी अशी विभागणी करण्याऐवजी, एकाच वाहनात दोन्ही गरजा भागवणे ही एका अर्थाने परिग्रहाची मर्यादाच आहे. परिग्रह म्हणजे वस्तूंचा संचय आणि त्यांवरील आपलेपणाची भावना. यामुळेच या वाहनाचा मालक स्वतःला संयमी समजतो. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासणे आवश्यक आहे.

या तपासासाठी जैन श्रावकाचार, म्हणजे गृहस्थाने पाळावयाच्या आचाराचे शास्त्र, विशेष उपयोगी पडते, आणि ज्या ब्रिटनमधील रस्त्यांचा आणि धोरणांचा विचार पुढे केला आहे, त्याच्या संदर्भात ते उपरेही नाही, कारण लेस्टर शहरातील जैन मंदिर १९८८ पासून उभे आहे आणि तेथील श्रावक त्याच रस्त्यांवर त्याच प्रकारची वाहने चालवतात. या शास्त्राने हिंसेचे चार प्रकार मानले आहेत. जाणूनबुजून, ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा. घरकामात अपरिहार्यपणे घडणारी ती आरंभी. उपजीविकेच्या व्यवसायात घडणारी ती उद्योगी. आणि आक्रमणाला तोंड देताना घडणारी ती विरोधी. गृहस्थाने पहिली पूर्णपणे सोडावी आणि उरलेल्या तीन शक्य तितक्या कमी कराव्यात, अशी अपेक्षा असते. याहून महत्त्वाचे म्हणजे, उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीला प्रमादाची जोड दिलेली आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, विकारवशतेतून येणारी बेफिकिरी. त्यामुळे घडलेल्या हानीइतकेच, ती घडताना कर्त्याचे चित्त जागे होते की झोपलेले, हेही या विचारात निर्णायक ठरते.

डिझेल वाहनाची हानी नेमकी कोठून येते, हे पाहिल्यावर या विचाराचा उपयोग स्पष्ट होतो. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले, तेव्हा त्याचे वैशिष्ट्य हे होते की त्यात इंधन पेटवायला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. या तीव्र दाबामुळे इंधनातील अधिक ऊर्जा कामी येते आणि कार्बन डायऑक्साइड दर किलोमीटरला कमी निघतो. परंतु त्याच तीव्र तापमानात आणि मुबलक हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात, आणि इंधनाचे थेंब जेथे पूर्ण जळत नाहीत तेथे काजळीचे सूक्ष्म कण निर्माण होतात. म्हणजे या इंजिनाचा गुण आणि दोष एकाच कारणातून जन्मतात. दोष बाहेर अडवता येतो, कमी करता येतो, पण गुण ठेवून त्याचे मूळच काढून टाकणे शक्य नसते.

जैन तर्कशास्त्रात ‘नय’ ही एक संज्ञा आहे. वस्तूला अनेक अंगे असतात आणि त्यांपैकी एका अंगाच्या दृष्टीने केलेले विधान म्हणजे नय. ते आपल्या मर्यादेत खरे असते. मात्र तेच विधान जेव्हा इतर अंगे नाकारून स्वतःला संपूर्ण सत्य म्हणवू लागते, तेव्हा त्याला ‘नयाभास’, म्हणजे नयाचा खोटा आव, असे म्हणतात. ब्रिटनच्या डिझेल धोरणाचा इतिहास हे नयाभासाचे मोठे उदाहरण मानता येईल. २००१ मध्ये तेथील वाहनकर कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाशी जोडण्यात आला, हवामानबदलाच्या दृष्टीने हे पाऊल सुसंगत होते, आणि त्यानंतरच्या दशकात नव्या मोटारींतील डिझेलचा वाटा वाढत जाऊन सुमारे निम्म्यावर पोचला. कार्बनच्या अंगाने पाहिल्यास हे यश होते. पण शहरातील फुप्फुसांच्या अंगाने पाहणारा नय या हिशेबात गौण ठरला, आणि ज्या कुटुंबांनी पृथ्वीचे भले होईल या विश्वासाने डिझेल वाहने घेतली, त्यांच्याच वाहनांनी त्यांच्या गल्लीतील हवा बिघडवली.

हे हळूहळू उघड होत गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकले. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर, म्हणजे स्कोडा ज्या समूहात मोडते त्याच समूहावर, चाचणीपुरतेच प्रदूषण कमी दाखवणारी संगणकप्रणाली बसवल्याचा ठपका ठेवला, आणि जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख वाहनांत ही प्रणाली असल्याचे कंपनीने मान्य केले. लंडनच्या लुईशॅम भागात वर्दळीच्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणाऱ्या एला अडू-किसी-डेब्रा या नऊ वर्षांच्या मुलीचा २०१३ मध्ये दम्याने मृत्यू झाला होता. त्या मृत्यूला हवेच्या प्रदूषणाचा हातभार लागला, असा निष्कर्ष डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूचौकशी अधिकाऱ्याने नोंदवला. तिच्या घराजवळून गेलेल्या असंख्य वाहनांपैकी एकाही चालकाने तिचे वाईट चिंतले नव्हते. प्रत्येकाचा वाटा इतका लहान होता की तो स्वतंत्रपणे मोजताही येत नाही, पण सर्वांचा मिळून झालेला परिणाम मात्र एका मुलीच्या देहात मूर्त झाला.

येथे जबाबदारीचा निर्णय कसा करावा? २००८ मध्ये सद्भावाने डिझेल मोटार घेणाऱ्याला संकल्पी हिंसेचा दोष लावता येत नाही. ज्याला फसवले गेले, त्याच्या अज्ञानाचा भार फसवणाऱ्यावर पडतो. परंतु जाणीव झाल्यानंतरची स्थिती वेगळी असते. अज्ञान संपल्यावरही वर्तन तसेच चालू राहिले तर त्याला प्रमादाखेरीज दुसरे नाव देता येणार नाही, आणि प्रमाद हेच तर हिंसेचे अंतरंग म्हणून सांगितले गेले आहे. ‘माझ्या एकट्याच्या गाडीने काय होणार’ हा युक्तिवाद संख्येच्या दृष्टीने खरा असला तरी नैतिक दृष्टीने पोकळ आहे, कारण हेच वाक्य त्या रस्त्यावरील प्रत्येक चालकाला सारख्याच अधिकाराने म्हणता येते.

आता सावधपणा म्हणजे प्रत्यक्षात काय, हे या वाहनाच्या एका भागावरून नेमके समजते. युरोपात २००९ मध्ये लागू झालेल्या ‘युरो ५’ या वाहन-प्रदूषणाच्या मानकांपासून डिझेल मोटारींना कणगाळणी, म्हणजे काजळीचे कण अडवणारी सच्छिद्र जाळी, आवश्यक झाली. तिला संक्षेपाने ‘डीपीएफ’ म्हणतात. ही गाळणी भरत जाते आणि साठलेली काजळी जाळून ती पुन्हा मोकळी करावी लागते. लांबच्या, एकसारख्या वेगाच्या प्रवासात धूर पुरेसा तापलेला असल्याने हे काम बरेचसे आपोआप होते. तसे न झाल्यास इंजिन जादा इंधन वापरून गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत चढवते, आणि त्यासाठी दहा-वीस मिनिटे अखंड चालणे लागते. रोज मैल-दीड मैलाच्या फेऱ्या करणाऱ्या मोटारीत ही शुद्धी पुनःपुन्हा अर्धवट राहते, न जळलेले इंधन तेलात उतरते, आणि शेवटी गाळणी तुंबते. युरो ६ मानकांनी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला १८० मिलिग्रॅमवरून ८० वर आणली, तेव्हा अनेक डिझेल मोटारींत युरियाचे ३२.५ टक्के द्रावण धुरात फवारण्याची योजना आली. त्यापासून तयार होणारा अमोनिया त्या ऑक्साइडांचे नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर करतो. ‘ॲडब्लू’ या नावाचे हे द्रावण मालकाला वेळोवेळी भरावे लागते.

तुंबलेली गाळणी बदलणे महाग असते, म्हणून काही मालक ती कापून काढून टाकतात. गाडी पूर्वीसारखीच, किंबहुना अधिक जोमाने धावते, आणि मालकाला कोणताही तोटा जाणवत नाही. तोटा मागून येणाऱ्याच्या श्वासात उतरतो. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत गाळणी नसलेले वाहन नापास ठरते. पण कायद्याच्या पलीकडे पाहिले तरी या कृतीचे वर्गीकरण अवघड नाही. हानी ठाऊक आहे, ती अडवणारे साधन हाताशी आहे, आणि केवळ खर्च वाचवण्यासाठी ते साधन काढून टाकले जाते. ही आरंभी हिंसा राहत नाही, ती संकल्पीच्या उंबरठ्याला पोचते.

समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त गृहस्थासाठी तीन गुणव्रते सांगितली आहेत: दिग्व्रत, म्हणजे कोणत्या दिशेला किती दूर जावे याची मर्यादा, अनर्थदंडव्रत, म्हणजे निष्प्रयोजन हिंसेपासून निवृत्ती, आणि भोगोपभोगपरिमाण, म्हणजे उपभोगाच्या वस्तूंचे प्रमाण ठरवणे. प्रवासाचे अंतर हा नैतिक विषय आहे, असे मानणारी ही दृष्टी मोटारीच्या युगापूर्वी कित्येक शतके मांडली गेली, हे विशेष आहे. अनर्थदंडाच्या प्रकारांपैकी एकाचे नाव ‘प्रमादचर्या’ असे आहे आणि त्यात माती, पाणी, अग्नी, वारा यांना विनाकारण उपद्रव देणे, तसेच उगाच भटकणे आणि इतरांना भटकायला लावणे, यांचा समावेश होतो. हानी होते हे गृहीत धरून ती हानी कशासाठी होते असे विचारणे, हा या व्रताचा गाभा आहे. आजारी माणसाला रुग्णालयात नेणारी फेरी आणि पाच मिनिटांच्या चालीवरील दुकानात गाडीने जाण्याची फेरी यांतून निघणाऱ्या वायूंत काहीच फरक नसतो, पण नैतिकदृष्ट्या त्या दोन निराळ्या कृती आहेत.

या ठिकाणी एक कठीण उदाहरण समोर येते. गाळणी स्वच्छ व्हावी म्हणून मालक सुटीच्या दिवशी, कोठेही जायचे नसताना, द्रुतगती मार्गावर अर्धा तास गाडी चालवतो. हा अनर्थदंड मानावा की कर्तव्य? त्या फेरीला गंतव्य नसले तरी प्रयोजन आहे, आणि काजळी शाळेच्या दारात अर्धवट जळण्यापेक्षा मोकळ्या मार्गावर पूर्ण जळणे इतरांच्या दृष्टीने श्रेयस्कर आहे, म्हणून ती फेरी स्वतःपुरती निर्दोष मानता येईल. तथापि अशी फेरी वारंवार करावी लागत असेल, तर दोष त्याच्याही आधीच्या निर्णयात आहे, कारण ज्याचे आयुष्य शहरातल्या छोट्या फेऱ्यांत जाते त्याने लांब पल्ल्यासाठी घडवलेले यंत्र घेतले आहे. साधन आणि जीवनक्रम यांचा मेळ नसला की सावध माणसालाही आधीच्या चुकीची भरपाई अशा फेऱ्यांनी करावी लागते.

वेगाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ब्रिटनमधील द्रुतगती मार्गावर ताशी ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरची मर्यादा आहे, आणि वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतील बहुतेक रस्त्यांवर ती २० मैलांवर आणली गेली. ताशी २३० किलोमीटर धावू शकणाऱ्या मोटारीची निम्मी क्षमता त्या देशात कायदेशीरपणे कधीच वापरता येत नाही. न वापरलेली शक्ती जवळ बाळगणे हा परिग्रह होय का? ‘तत्त्वार्थसूत्र’ परिग्रहाची व्याख्या वस्तूच्या आकाराने करत नाही, तर ‘मूर्च्छे’ने, म्हणजे वस्तूविषयीच्या गुंगीने, आसक्तीने करते. ओझ्यासह पुढचे वाहन सुखरूप ओलांडून जाता यावे म्हणून राखलेली शक्ती आणि मागच्या गाडीला आपले सामर्थ्य दाखवावे म्हणून राखलेली शक्ती यांत यंत्राच्या दृष्टीने भेद नाही, भेद चित्तात आहे. जो चालक शक्ती असताना सावकाश जाऊ शकतो, त्याच्यासाठी ती शक्ती संयमाचा अभ्यास होऊ शकते. ज्याला प्रत्येक मोकळा रस्ता आव्हान वाटतो, त्याचा मालक ते इंजिन झालेले असते. गृहस्थाला चार हात जमीन न्याहाळत जाता येत नसले तरी, ज्या अंतरात थांबता येईल तेवढ्याच अंतराच्या हिशेबाने वेग ठेवणे त्याला शक्य आहे, आणि हीच गृहस्थाची ईर्यासमिती मानावी.

यावर असा आक्षेप घेता येईल की हा सारा विचार एका मूळ प्रश्नाला बगल देतो आणि डिझेल मोटार सोडून विजेची मोटार घेणे हाच सरळ उपाय आहे. ज्याला शक्य आहे आणि ज्याचा प्रवास तसा आहे, त्याच्या बाबतीत हा आक्षेप मान्य केला पाहिजे, कारण शहरातील हवेच्या दृष्टीने धूर न सोडणारे वाहन निःसंशय सरस ठरते. तरीही टायर आणि ब्रेक झिजून निघणारे कण विजेच्या मोटारीतूनही सुटतात, आणि युरोपीय संघाच्या युरो ७ नियमांनी प्रथमच त्यांच्यावर मर्यादा घातल्या आहेत. शिवाय कार्यक्षमता वाढली की वापरही वाढतो, हे विल्यम स्टॅनली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच कोळशाच्या संदर्भात दाखवून दिले होते. कमी खर्चाचे वाहन मालकाला अधिक फिरायला लावते, आणि दर किलोमीटरला वाचलेले सारे एकूण किलोमीटरांत खर्ची पडू शकते. म्हणून यंत्राची निवड परिमाणव्रताची जागा घेऊ शकत नाही.

वेगवान डिझेल इस्टेटचे मूळ आकर्षण हे की तीत भोग आणि उपयोग, सामर्थ्य आणि काटकसर यांचा समतोल कारखान्यातच साधून दिलेला वाटतो. तिच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष याच्या उलट आहे. समतोल हा वस्तूचा गुणधर्म नसून वापराचा आहे, आणि तो एकदाच विकत घेता येत नाही. तो प्रत्येक फेरीच्या वेळी नव्याने सिद्ध करावा लागतो. हा निष्कर्ष महाराष्ट्रालाही तितकाच लागू आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर पुण्या-मुंबईच्या गर्दीत रांगणाऱ्या डिझेल गाड्यांनाही तीच कणगाळणी आली, आणि तिच्यासोबत तेच कर्तव्यही आले. तेव्हा डिझेल वाहन बाळगणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने किल्ली हाती घेताना प्रयोजन विचारावे, महिन्याच्या अंतराची मर्यादा आधी ठरवावी, गाळणी आणि द्रावण यांची देखभाल हा शेजाऱ्याच्या मुलाप्रती असलेला धर्म मानावा, आणि चालत जाण्याजोगे अंतर चालूनच जावे.